ताशी वीस

काटोलच्या अलीकडे रुळाला
केसाएवढी चीर सापडते,
मला फोन येतो, मी वहीत लिहिते :
ताशी वीस. पुढील आदेशापर्यंत.
सोळा वर्षं लिहितेय.
कोळशाची गाडी घेऊन आलेला पायलट कुरकुरतो,
मी म्हणते, भाऊ, कुरकुर खिडकीबाहेर करा,
गाडी हळू घ्या.

नोव्हेंबरात डॉक्टर मोहरीलांनी
माझ्या नडगीची फिल्म उजेडासमोर धरली
आणि पेनच्या टोपणानं दाखवली
तसलीच एक.
किती पळता?
आठवड्याला पंचावन्न.
आणि झोपता किती?
मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिले.

रात्रीची पाळी सहाला सुटायची.
पर्समध्ये बूट, डिकीत पाण्याची बाटली,
साडेसहाला सेमिनरी हिल्सचा चढ,
नवाला घरी, दहाला डोळ्यांवर ओढणी,
बाराला कुकरची शिट्टी.
ह्याला मी शिस्त म्हणायचे.
फेब्रुवारीतल्या बेचाळीसची फी
ऑगस्टमध्येच भरून टाकली होती.

सहा आठवडे. पळणं बंद.
प्रज्वला ढोके फुटाळ्यावरून
घड्याळाचे फोटो पाठवायची : अठरा, एकवीस, चोवीस.
मी अंगठा दाखवायची
आणि फोन उशीखाली दाबून ठेवायची.

फिजिओ निखाडे म्हणाला,
"काऊन घाई करून रायल्या मॅडम?
हाड काही तुमच्या टाइमटेबलनं जुडत नाही."
त्यानं दिलं एक रबरी पट्टं, एक टॉवेल,
आणि एका पायावर उभं राहायला सांगितलं.
ते मी कंट्रोल रूममध्येच करायचे.
नरखेडशी बोलताना डावा,
पांढुर्ण्याला फोन लागेपर्यंत उजवा.
शेजारच्या बोर्डावरून लांजेवार म्हणाला,
"मॅडम, पार बगळा झाल्या तुम्ही."
खरंच होते. मासा मात्र कुठं दिसत नव्हता.

पाण्यात पळ म्हणाले, तर तेही केलं.
डिसेंबरातल्या सकाळी, कमरेला फोमचा पट्टा,
तरणतलावाच्या खोल बाजूला
तळाला पाय न लागता
पस्तीस मिनिटं पळायचं
आणि पोचायचं कुठंच नाही.

पाचव्या आठवड्यात, एका रात्री,
अजनीच्या क्वार्टरमागच्या गल्लीत
मी चोरून पळाले.
तिसऱ्या दिव्यापर्यंत. फार तर चारशे मीटर.
दुसऱ्या दिव्यालाच नडगीनं दार वाजवलं होतं.
निखाडेला सांगितलं नाही,
ह्यांनाही नाही.
बारा सत्तावीसची गाडी बारा अठ्ठावीस
लिहिणाऱ्याला मी किती झापलंय,
आणि ही नोंद
मीच केली नाही.
त्यानंतर आणखी तीन आठवडे.

काटोलचा रूळ जानेवारीत बदलला.
साइटवरून फोन आला, आवाजात चहा होता :
लिहा मॅडम, वेगमर्यादा रद्द.
मी लिहिलं, वेळ टाकली, सही केली.
माझ्या पायासाठी
असा फोन कुठून येणार?
रोज सकाळी पलंगाच्या काठावर बसून
अंगठ्यानं हाड दाबून बघायचं,
आणि जे कळेल त्यावर
विश्वास ठेवायचा की नाही हेही आपणच ठरवायचं.

आज अंबाझरीच्या बाजूला,
एक मिनिट पळणं, तीन मिनिटं चालणं.
माकडटोपी घातलेले एक काका
लॅब्रॅडॉर घेऊन चालत होते.
पळताना मी त्यांना गाठायचे,
चालताना ते मला.
चौथ्या वेळी कुत्रं माझ्याकडे
जरा काळजीनं बघायला लागलं.

पाचव्या मिनिटाला पाय इतका हलका पडत होता
की श्वास आपोआप जुन्या तालावर गेला,
दोन पावलं आत, दोन बाहेर,
पुढं रस्ता मोकळा, ऊन अजून कोवळं.
घड्याळ वाजलं.
काहीही दुखत नव्हतं.
थांबले.

फेब्रुवारीचं बेचाळीस प्रज्वला पळेल.
मी छत्तिसाव्यावर संत्री सोलून उभी राहीन,
असं तिला अजून सांगितलेलं नाही.
बाराची पाळी होती आज,
आणि डबा भरायचा बाकी होता.